जमीन, घराणे आणि अनाम विधवा

एकोणिसाव्या शतकातील जबलपूरच्या शेतीविषयी महसुली दप्तरांत विपुल माहिती आढळते. मातीची प्रत, गावाची आकारणी, पिकांची वाटणी या साऱ्यांची त्यांत काळजीपूर्वक नोंद झाली. त्या जमिनीवर जगणारी घराणी मात्र या दप्तरांत केवळ कर्त्या पुरुषाच्या नावाने वावरतात. घराच्या आतला व्यवहार प्रकाशात येतो तो एखाद्या प्रसंगी घराणे आणि सरकार समोरासमोर उभे राहिले म्हणजेच. 1829 मधील गोपाळपूरच्या उपाध्याय घराण्याची हकीकत या प्रकारची आहे.

जबलपूर परिसरातील ‘हवेली’ नावाचा भाग काळ्या, चिकण मातीचा. येथील शेतकरी शेताभोवती मातीचे उंच बांध घालून पावसाचे पाणी शेतातच कोंडून ठेवीत. पावसाळाभर शेत तळ्यासारखे भरलेले असे. त्यात तण कुजून जाई आणि माती खोलवर भिजे. आश्विनाच्या सुमारास बांध फोडून पाणी सोडले की गव्हाची किंवा हरभऱ्याची पेरणी होई. वरच्या शेताचे पाणी खालच्या शेतातून जाणार, म्हणून पाणी कोणी केव्हा सोडावे याची समजूत शेजाऱ्याशेजाऱ्यांत असावी लागे. बांध उभारणे हे एका हंगामाचे काम नव्हे. पुढची पिढी याच शेतात राहणार, या भरवशावरच इतके श्रम घातले जात.

त्या भरवशाला राज्यकर्त्यांच्या बदलाने वारंवार धक्के बसले. गढा-मंडल्याचे गोंड राज्य 1781 मध्ये सागरच्या मराठ्यांनी जिंकले. 1798 मध्ये जबलपूर नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात आले आणि डिसेंबर 1817 मध्ये इंग्रजांच्या. भोसल्यांच्या अमलात गावे अल्प मुदतीच्या मक्त्याने दिली जात. इंग्रजांनीही प्रारंभी तोच परिपाठ चालवला. अशा अस्थिरतेत ज्यांच्याकडे करमाफीची गावे होती त्या घराण्यांची स्थिती इतरांहून पुष्कळच सुरक्षित होती. मात्र ही माफी सरकारच्या मर्जीवर टिकून आहे, याची जाणीव त्यांनाही असे.

उमेदसिंह उपाध्याय हे अशाच एका मोठ्या आणि प्रतिष्ठित ब्राह्मण घराण्याचे प्रमुख होते. 24 नोव्हेंबर 1829 रोजी नर्मदातीरी त्यांचे निधन झाले. त्यांच्या वृद्ध पत्नीने सती जाण्याचा निश्चय केला आणि घरच्या मंडळींनी जिल्ह्याचा अधिकारी विल्यम स्लीमन याच्याकडे परवानगी मागितली. सतीला साहाय्य करण्यास बंदी करणारा जाहीरनामा त्याने 1828 मध्येच काढला होता. त्याने परवानगी नाकारली. उमेदसिंहांचे दहन झाले, पण त्यांची पत्नी अन्नपाणी वर्ज्य करून नदीकाठच्या खडकावर बसून राहिली. 28 नोव्हेंबरला स्लीमन स्वतः तेथे गेला. या भेटीचा वृत्तांत त्याने 1844 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दिला आहे.

त्या संभाषणात जमिनीचा विषय निघाला, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. मुलांनी आईला परावृत्त केले नाही म्हणून सरकार करमाफीच्या जमिनी परत घेईल, असे भय स्लीमनने तिला घातले. ती जगण्यास तयार झाली तर याच जमिनींच्या उत्पन्नातून तिच्या निर्वाहाची तरतूद करू आणि तिला तेथेच घर बांधून देऊ, असे आश्वासनही त्याने दिले. ती बधली नाही. तिने सांगितलेली कारणे श्रद्धेची होती, आणि तिच्या निश्चयाचे मूळ केवळ निर्वाहाच्या प्रश्नात शोधणे अन्यायाचे होईल. तरीही ज्या जमिनींवर घराणे पोसले गेले त्यांतला तिचा वाटा अधिकाऱ्याच्या कृपेने देऊ करावा लागला, यावरून घरातील तिचे स्थान स्पष्ट होते. आयुष्यात प्रथमच तिने त्या वेळी पतीचे नाव उच्चारले, असे स्लीमन नोंदवतो. तिचे स्वतःचे नाव त्याने नोंदवलेले नाही. घराण्यात पुन्हा कोणी सती जाणार नाही, अशी हमी वडीलधाऱ्यांकडून घेऊन अखेर त्याने संमती दिली. आठवडाभरातच, 4 डिसेंबर 1829 रोजी, बेंटिंकचा सतीबंदीचा कायदा झाला.

पुढे जमिनीचे कायदे झपाट्याने बदलले. 1861 मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला आणि त्या दशकातील बंदोबस्तांत मालगुजारांना गावाची मालकी मिळाली. 1870 मध्ये मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जबलपुरात जोडला गेला आणि हवेलीचा गहू दूरच्या बाजारांत जाऊ लागला. 1896-97 च्या दुष्काळाने या भरभराटीचा पाया किती कच्चा होता ते दाखवले. 1951 मध्ये मालगुजारीही संपली.

घरातील स्त्रीचा हक्क मात्र फार सावकाश सरकला. हिंदू विधवेला संपत्तीत मर्यादित हक्क देणारा कायदा 1937 मध्ये झाला. प्रांतांतील शेतजमिनीला तो लागू होत नाही, असे 1941 मध्ये फेडरल कोर्टाने ठरवले. 1956 च्या वारसा कायद्याने विधवेला पूर्ण मालकी दिली, पण शेतजमिनीच्या काही कायद्यांना त्यातून वगळले. ती सवलत 2005 मध्ये काढून टाकण्यात आली. गोपाळपूरच्या त्या खडकावरील संभाषणाला तेव्हा पाऊणशे अधिक शंभर वर्षे उलटून गेली होती.