टेकडी फुटते तेव्हा

१९९७ साली पुण्याच्या हद्दीत २३ गावं आली. हद्द वाढली, घरपट्टी वाढली. टेकड्यांचं काय, ते मात्र ठरेना. उतारांवर बांधकाम नको, जैववैविध्य उद्यान करावं, असं विकास आराखड्यात सुचवलं गेलं. पण बऱ्याच जमिनी खासगी. मालकांना मोबदला कसा आणि किती द्यायचा, यावर घोळ चालला. सरकारनं आरक्षण मंजूर केलं ते २०१५ साली, ८ टक्के टीडीआर देऊन. अठरा वर्षं! एवढ्यात जन्मलेलं मूल मतदार होतं. जेसीबी मंजुरीची वाट पाहत नाही.

टेकडीफोड म्हणजे काय, ते जून २०१३ मध्ये कळलं. कात्रजच्या नव्या बोगद्यापलीकडे, शहराच्या हद्दीबाहेर, शिंदेवाडीला डोंगर कापला होता, ओढ्याची वाट बुजवली होती. पाऊस झाला, पाणी महामार्गावर आलं आणि मोटारीतल्या मायलेकी वाहून गेल्या. त्या आठवड्यात मला कवितेची एक ओळ सुचली नाही.

पुढं २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावं शहरात आली. त्या बाजूला मी अधूनमधून जातो. उतारावर करवंदीच्या जाळ्या असतात, आणि त्यांच्यामधून आखलेल्या प्लॉटच्या पांढऱ्या रेषा.