जुन्या पियानोंतील कातडें

तबल्याची पुडी निकामी झाली म्हणजे तबलजी ती बदलून घेतो. जुनी पुडी उतरवितात, नवी चढवितात, वादी ओढून गट्टे ठोकितात आणि थोड्या वेळानें तबला पुन्हां बोलूं लागतो. खोड तेंच असल्यामुळें तबलाही तोच, असें सर्वजण समजतात. किंबहुना ह्याविषयीं कोणास शंकाच येत नाहीं. परंतु युरोप-अमेरिकेंतील वस्तुसंग्रहालयांत दोनशें-अडीचशें वर्षांपूर्वींच्या एखाद्या पियानोच्या हातोडीवरील नखाएवढा कातड्याचा तुकडा बदलावा कीं बदलूं नये, ह्यावर जाणत्या माणसांत मोठा मतभेद होतो. दोन्ही ठिकाणीं वस्तु एकच, जनावराचें कातडें. दोन्ही ठिकाणीं कारणही एकच, झीज. मग एकीकडे जी गोष्ट नित्याची, ती दुसरीकडे एवढी गंभीर कां व्हावी? ह्याचें उत्तर पियानोच्या इतिहासांत सांपडतें, आणि तें आपल्याही विचारास लावण्याजोगें आहे.

पियानोचा जनक बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी हा मूळचा पादुआचा. त्याचा जन्म १६५५ सालचा. १६८८ च्या सुमारास फ्लॉरेन्सचा राजपुत्र फेर्दिनांदो दे मेदिची ह्यानें त्यास आपल्या पदरीं ठेविलें. त्या काळीं हार्प्सिकॉर्ड नांवाचें पट्ट्यांचें वाद्य सर्वत्र प्रचारांत होतें. त्यांत पट्टी दाबली म्हणजे पिसाच्या देठाचें टोंक तार छेडून जाई. परंतु पट्टी हळू दाबली काय किंवा जोरानें दाबली काय, आवाज जवळजवळ सारखाच निघे. वादकाच्या बोटांतील नाजुकपणा किंवा आवेश तारेपर्यंत पोंचत नसे. क्रिस्तोफोरीनें तार छेडण्याऐवजीं तिच्यावर हातोडीनें आघात करण्याची युक्ति काढिली. मेदिची घराण्याच्या वाद्यांच्या १७०० सालच्या यादींत, हळू व मोठा असे दोन्ही प्रकारचे स्वर देणारें म्हणून ह्या नव्या वाद्याची नोंद आहे; आणि १७११ सालीं शिपिओने माफेई ह्या विद्वानानें एका इटालियन नियतकालिकांत त्याच्या अंतर्रचनेचें आकृतीसह वर्णन प्रसिद्ध केलें. हातोडीचा माथा हरणाच्या कातड्यानें मढविलेला असतो, असें त्या वर्णनांतच आहे. म्हणजे कातडें हें पियानोंत मागाहून आलेलें नसून जन्मापासूनचें आहे.

हें कातडें तेथें काय करितें, हें समजून घेतल्यावांचून पुढील वादाचें मर्म कळणार नाहीं. नुसत्या लांकडाची हातोडी तारेवर आपटली तर ठोक्याचाच आवाज अधिक होतो आणि स्वर कर्कश निघतो. मऊ वस्तूची हातोडी तारेशीं क्षणभर अधिक टेंकून राहते. त्यामुळें तारेंतील अतिसूक्ष्म कंपनें दबून स्वर गोड व गोल होतो. पण मऊपणाही अमर्याद उपयोगी नाहीं. कारण तेवढ्यानें स्वर मुका होतो. कातड्याचा विशेष असा कीं, हळू आघातांत तें मऊ राहतें आणि जोराच्या आघातांत दबून घट्ट होतें. म्हणून जोरानें वाजविलेला स्वर केवळ मोठा न होतां त्याचा रंगही उजळतो. पियानोच्या ज्या गुणासाठीं जगानें हार्प्सिकॉर्ड बाजूस सारिला, तो गुण बऱ्याच अंशीं ह्या पातळ थरावर अवलंबून आहे.

हातोडीच्या माथ्याप्रमाणें यंत्राच्या इतर सांध्यांतही कातडें असतें. हातोडीनें तारेस स्पर्श करून तत्क्षणीं मागें सरलें पाहिजे, नाहीं तर स्वर तेथेंच दाबला जातो. ह्या सुटकेची योजना निरनिराळ्या कारागिरांनीं निरनिराळी केली. आउग्सबुर्ग येथील योहान आन्द्रेआस श्टाइन (१७२८–१७९२) ह्याच्या व पुढें व्हिएन्नांतील कारागिरांच्या पद्धतींत हातोडीच्या शेपटाशीं एक चोच असते. ती एका खांचेंत अडकून हातोडी वर उसळते व लगेच सुटते. ह्या चोचीवर कातडें असतें व प्रत्येक स्वरास तें घासलें जातें. एरार घराण्यानें १८२१ सालीं जी प्रसिद्ध दुहेरी सुटकेची रचना पेटंट केली, तींत हातोडीच्या दांड्याखालीं कातड्यानें मढविलेली एक लहानशी गुंडाळी आली. आजच्या मोठ्या पियानोंतही ती आहे. परत येणाऱ्या हातोडीस झेलून धरणाऱ्या फळीवरही बहुधा कातडेंच असतें.

वर्षानुवर्षें घासून ह्या कातड्यांची दशा सर्वत्र सारखीच होते. माथ्यावर तारांच्या खांचा पडतात, तंतु दबून घट्ट होतात आणि गोड स्वराच्या ठिकाणीं पत्र्यासारखा झणत्कार येतो. चोचीवरील कातडें चकचकीत होऊन निसटूं लागतें. दांड्याखालची गुंडाळी चपटी झाली म्हणजे बोटानें दिलेला जोर वाटेंतच जिरतो. वादकास वाटतें, आपला हात बिघडला. वस्तुतः बिघडलेलें असतें तें कातडें.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत ह्या इतिहासास एक वळण लागलें. सभागृहें मोठीं झालीं, तारा जाड झाल्या, त्यांचा ताण सोसण्यासाठीं पियानोंत लोखंड आलें, आणि पातळ कातड्याच्या हलक्या हातोड्या अपुऱ्या पडूं लागल्या. १८२६ सालीं पॅरिस येथें आंरी पाप ह्यानें दाबून घट्ट केलेल्या लोकरीच्या, म्हणजे फेल्टच्या, हातोड्यांचें पेटंट घेतलें. व्हिएन्नाकडे कातडें त्यानंतरही बराच काळ टिकलें. पण पुढें हातोडीच्या माथ्यावर सर्वत्र फेल्टचेंच राज्य झालें. ह्याचा परिणाम केवळ पियानोच्या कारखान्यांत झाला नाहीं. हातोडीसाठीं विशिष्ट जाडीचें, विशिष्ट लवचिकतेचें कातडें कमाविणाऱ्याचें गिऱ्हाईक नाहींसें झालें. गिऱ्हाईक गेलें कीं धंदा जातो, आणि धंद्याबरोबर हातचें ज्ञानही जातें. असलें ज्ञान बापानें मुलास दाखवून दिलेलें असतें. ग्रंथांत तें क्वचितच उतरतें.

एक कातडें काय आणि दुसरें काय, असें म्हणावयास मात्र जागा नाहीं. तेलानें मळून कमाविलेलें, तुरटीनें कमाविलेलें व झाडाच्या सालीनें कमाविलेलें कातडें दिसण्यांत जवळचें असलें तरी गुणांत फार वेगळें असतें. १८८४ सालीं अमेरिकेंत पेटंट झालेल्या पद्धतीनें क्रोमियमच्या क्षारांत कमाविलेलें कातडें तर ह्या सर्वांहून निराळें. ह्या फरकाचा एक दाखला आपल्या देशाशीं संबंध असलेला आहे. ग्रंथांच्या बांधणीचें कातडें लाल भुकटी होऊन गळूं लागलें, म्हणून लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सनें १९०० सालीं एक समिति नेमिली. दिव्यांच्या गॅसमधील गंधकाच्या धुरास ह्या नासाडीचा बराच दोष लागला. पण सर्व कातडीं त्या धुरास सारखीं बळी पडलीं नव्हतीं. सुमाकानें कमाविलेलें कातडें पुष्कळ टिकलें, आणि हिंदुस्थानांतून जाणारीं, तरवडाच्या सालीनें कमाविलेलीं शेळ्यामेंढ्यांचीं कातडीं टिकाऊपणांत अगदीं खालच्या प्रतीचीं ठरलीं. पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर स्वस्थ पडून राहणाऱ्या कातड्यांत जर एवढा भेद, तर दिवसांतून हजारों वेळां आघात सोसणाऱ्या कातड्यांत तो किती असेल!

गेल्या शतकांतील दुरुस्ती करणारांनीं हा भेद नेहमींच पाळला असें नाहीं. वाद्य वाजतें करावयाचें, एवढेंच त्यांचें काम होतें. जें हातीं लागलें तें त्यांनीं लाविलें. त्यांस दोष देण्याचें कारण नाहीं, पण परिणाम डोळ्यांसमोर आहे. क्रिस्तोफोरीच्या हातचे तीनच पियानो आज उरले आहेत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधील १७२० चा पियानो वाजतो. परंतु त्याच्या स्वरांची मर्यादा मागें कोणीं सरकविली आणि १९३८ सालीं त्याचा ध्वनिफलकही नवा बसविण्यांत आला. आरंभीं त्याचा आवाज कसा होता, हें त्यावरून आतां सांगतां येत नाहीं. रोम येथील १७२२ चा पियानो किड्यांनीं खाल्लेला आहे व वाजत नाहीं. लाइप्झिग विद्यापीठाच्या संग्रहालयांतील १७२६ चा पियानोही आज वाजविला जात नाहीं. पण कागदाची पट्टी गुंडाळून केलेला पोकळ माथा आणि त्यावर कातडें, ही क्रिस्तोफोरीची विलक्षण हलकी हातोडी कशी होती, हें आपणांस कळतें तें ह्या मुक्या वाद्यांवरूनच. जो वाजतो तो साक्ष देऊं शकत नाहीं, आणि जे साक्ष देतात ते वाजत नाहींत.

म्हणून जुनीं वाद्यें कुलुपांत ठेवून द्यावीं काय? ह्यास विरोध करणारांचें म्हणणेंही सहज टाळण्यासारखें नाहीं. वाद्य हें वाजण्यासाठीं जन्मास येतें. मुकें वाद्य म्हणजे कोरीव लांकडाची पेटी. शिवाय झिजून टणक झालेलें मूळचें कातडें तरी कारागिराच्या मनांतला स्वर कोठें देतें? त्यानें बसविलें तें कातडें नवें व लवचिक होतें. तें जसेंच्या तसें राखल्यानें पदार्थ राखिला जातो, स्वर राखिला जात नाहीं. हें सर्व खरें. पण त्या मृत कातड्याची जाडी, त्याचा पोत, तें कोणत्या जनावराचें व कशानें कमाविलेलें, ह्या गोष्टी अद्यापि त्यांत लिहिलेल्या आहेत. त्या वाचून घेऊन नवी प्रतिकृति करतां येते, आणि तिच्यावर कितीही वाजवितां येतें. तो तुकडा खरडून फेंकून दिला म्हणजे स्वर तर परत येत नाहींच, पण तो शोधण्याची वाटही बंद होते.

ह्यावरून व्यवहाराचा नियम काढणें फारसें अवघड नाहीं. घरोघरच्या शंभर वर्षांच्या पियानोंत चपट्या झालेल्या गुंडाळ्या खुशाल बदलाव्या. तसे पियानो पुष्कळ आहेत व ती गुंडाळी करणारे कारागीर आजही आहेत. परंतु जें वाद्य एकुलतें एक, किंवा ज्यांत मूळचें कातडें टिकून राहिलें आहे, तेथें आधीं मोजमाप घ्यावें, शक्यतों प्रतिकृतीवर वाजवावें. आणि बदलणें अटळच असेल तर ओलाव्यानें सुटणाऱ्या सरसानें नवा तुकडा चिकटवावा व जुना कोणत्या स्वराचा हें लिहून जपून ठेवावा.

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे वळूं. तबल्याची पुडी आपण निश्चिंतपणें बदलतों, ह्याचें कारण खोड हें श्रेष्ठ व कातडें हें गौण असें नाहीं. कातडें कसें निवडावें, शाई किती थरांची द्यावी, हें जाणणारा माणूस आज आपल्या पेठेंत बसलेला आहे. त्याच्या हातांत परंपरा जिवंत असल्यामुळें फाटकी पुडी टाकून देतांना कांहींच हरवत नाहीं. पियानोच्या कातड्याचा तसा माणूस दीडशें वर्षांपूर्वीं उठून गेला, आणि मागें राहिलेल्या चिंधीस त्याच्या ज्ञानाचें मोल आलें. पुडी मढविणारे आणि मिरजेस तंबोऱ्याची जवारी लावणारे कारागीर आपल्यांत आहेत, तोंपर्यंत त्यांची विद्या त्यांच्याकडून समजून घेणें व ती चालेल इतकें काम त्यांस देत राहणें हें वाद्यें जपण्याइतकेंच अगत्याचें आहे. नाहीं तर आज उकिरड्यावर जाणारी पुडी उद्यां कांचेच्या कपाटांत ठेवून तिच्यावरून आपणांस स्वर शोधावा लागेल.