दोन आवाज, स्वनिम एक की दोन? असं ओळखा

‘जग’ हा शब्द फोनच्या टेक्स्ट-टू-स्पीचला वाचायला दिला, तर त्याला अंदाजच बांधावा लागतो. ‘जग’ म्हणजे दुनिया, आणि ‘तू जग’ मधलंही जग. अक्षर तेच, युनिकोडमधला नंबरही तोच. पण पहिल्यात ‘जेवण’मधला ज, दुसऱ्यात ‘जाड’मधला. बाकी शब्द जसाच्या तसा, तरी अर्थ बदलला. म्हणजे मराठीत हे दोन वेगळे स्वनिम. अशा जोडीला मिनिमल पेअर म्हणतात.

जोडी सापडत नसेल तर आवाजाची जागा बघा. ‘अंक’ आणि ‘अंत’ म्हणून बघा: पहिल्यात जीभ मागे उचलते, दुसऱ्यात दातांना टेकते. कुठला आवाज येणार हे पुढचं अक्षर ठरवतं, त्यामुळे त्यावरून अर्थ बदलत नाही. स्वनिम एकच, रूपं दोन.

आता मानकोलीकडे या. भिवंडीच्या या पट्ट्यात आगरी बोलली जाते. प्रमाण मराठीत ‘काळा’ हा रंग आणि ‘काला’ दहीहंडीचा, म्हणून ळ आणि ल वेगळे. आगरीत मात्र डोळ्याचा ‘डोला’ होतो, पाण्याचं ‘पानी’. म्हणजे ळ-ल आणि ण-न तिथे एकेका स्वनिमात मिसळले. याला ‘अशुद्ध’ म्हणणं चूकच; नियम पक्का आहे, फक्त वेगळा. प्रमाण उच्चारांवर शिकवलेलं व्हॉइस टायपिंग अशा ‘काला’वर गडबडू शकतं, ऐकणारा आगरी माणूस वाक्यावरून ओळखतो.

चाचणी करताना दोन्ही शब्द एकाच बोलीतले घ्या. पुण्याचा ‘ळ’ आणि मानकोलीचा ‘ल’ शेजारी ठेवून काहीच सिद्ध होत नाही.