बाणाची कळ आणि भलताच 'ए'

लिनक्सवर 'व्हीआय'मध्ये लिहिताना वरच्या बाणाची कळ दाबावी, तर कधी कधी कर्सर हलतच नाही. नवी ओळ उघडून तीत 'ए' उमटतो. आमचाही संशय आधी कीबोर्डावरच गेला. मूळ मात्र १९७६ च्या सुमारास सापडते. बर्कलीत बिल जॉय यांनी हा संपादक एडीएम-३ए टर्मिनलवर घडवला. त्यावर बाणांच्या वेगळ्या कळा नव्हत्या. एच, जे, के, एल या अक्षरांवरच बाण छापलेले होते. कर्सर आजही या अक्षरांनी फिरतो.

पुढे स्वतंत्र बाण आले. पण ते एक नव्हे, तीन संकेत पाठवतात : एस्केप, कॅपिटल ओ, ए. आता व्हीआयच्या बाजूने पाहा. एस्केप म्हणजे लिहिणे थांबवा, ओ म्हणजे वर नवी ओळ उघडा, मग 'ए' लिहा! बिचारा आज्ञाच पाळतो. (असे विद्यार्थी आपल्या वर्गातही असतात.)

ब्रॅम मूलेनार यांचा १९९१ मध्ये आलेला 'व्हिम' हे संकेत एकत्र ओळखू शकतो. मात्र जुन्या व्हीआयसारखे वागण्याची सोयही त्यात आहे, आणि ती चालू असली की हाच घोटाळा होतो. होम डिरेक्टरीतील 'डॉट व्हिमआरसी' फाइलमध्ये 'सेट नोकंपॅटिबल' ही ओळ रोमन अक्षरांत लिहावी. व्हिम पुन्हा उघडला, की बाण सरळ चालतात.