देहाविना गती : संहिता आणि प्रयोग यांची अदलाबदल

नृत्य आणि संगणक यांच्या संबंधाची चर्चा बहुधा एका गृहीतकापासून सुरू होते : तंत्रज्ञान देहाला विस्थापित करते. अमेरिकन नृत्यरचनाकार मर्स कनिंगहॅम (१९१९-२००९) यांची उत्तरकालीन निर्मिती या गृहीतकाला सहजासहजी दुजोरा देत नाही.

१९६५ साली जॉन केज यांच्यासमवेत त्यांनी केलेल्या 'व्हेरिएशन्स फाइव्ह' या प्रयोगात रंगमंचावर अँटेना उभारलेल्या होत्या. नर्तक जवळून गेला की ध्वनिव्यवस्थेला चालना मिळे. यंत्राला देहाची जवळीक कळत होती. हालचालीचा आकार कळत नव्हता. तो कळण्यास पुढे तीन दशके लागली.

मधला टप्पा अधिक अर्थपूर्ण आहे. १९८९च्या सुमारास कनिंगहॅम कॅनडातील सायमन फ्रेझर विद्यापीठात विकसित झालेल्या 'लाइफफॉर्म्स' या संगणकप्रणालीकडे वळले. वय सत्तर; संधिवाताने जखडलेले शरीर. स्वतःच्या देहावर हालचाल करून दाखवणे दुरापास्त होत चालले होते. पडद्यावरील आकृतीचे पाय, धड आणि हात यांची स्वतंत्रपणे रचना करायची, मग ती नर्तकांनी आपल्या अंगात उतरवायची, अशी ही पद्धती. 'ट्रॅकर्स' (१९९१) ही तिची पहिली फलश्रुती. कोणताही देह आपणहून निवडणार नाही असे सांधे या रचनांत आढळतात. (आकृतीला तोल सांभाळावा लागत नाही, नर्तकाला लागतो!) यांत्रिकतेचा आक्षेप इथे सुचतो खरा, पण एका स्थितीतून दुसरीत जाण्याची वाट शोधण्याचे काम अखेर देहालाच करावे लागले, ही गोष्ट तो आक्षेप नजरेआड करतो.

१९९९ साली बर्कली येथे प्रथम सादर झालेल्या 'बायपेड'मध्ये हा प्रश्न टोकाला पोहोचला. पॉल कायझर आणि शेली एश्कर यांनी नर्तकांच्या अंगावर परावर्तक खुणा लावून केवळ त्यांची गती टिपली, आणि तीतून खडूने रेखाटल्यासारख्या आकृती घडवल्या. रंगमंचाच्या पुढ्यातील पारदर्शक पडद्यावर या आकृती आणि त्यामागे प्रत्यक्ष नर्तक. मांसल देह संगणकावर रचलेल्या हालचाली करतो आहे. देहहीन रेषा मानवी गतीने चालते आहे. नाट्यसमीक्षेला परिचित असलेली 'संहिता' आणि 'प्रयोग' ही विभागणी येथे अपुरी पडते, कारण दोन्ही पक्ष एकमेकांची संहिता झालेले आहेत.

'बायपेड'च्या प्रेक्षकाचा देह मात्र खुर्चीतच राहतो. त्याला कलाकृतीच्या आत घेण्याचा विचार त्याआधीच कॅनेडियन कलावती शार डेव्हिस यांच्या 'ऑस्मोस'मध्ये (१९९५) झाला होता. शिरावर दर्शकयंत्र आणि अंगात संवेदक जाकीट चढवलेला रसिक श्वास आत घेऊन त्या आभासी अवकाशात वर जातो, सोडून खाली येतो. सागरात बुडी घेण्याच्या अनुभवावर बेतलेली ही योजना 'विसर्जित होणे' या कल्पनेला श्वासाचा आधार देते. तिच्यात नृत्य नाही, परंतु देहभान आहे, आणि या दोहोंमधील अंतर विचारात न घेता केली जाणारी निमज्जनाची स्तुती उथळ ठरते.

'लूप्स'मध्ये (२००१) कनिंगहॅम यांचे पाय नाहीत. केवळ हात आहेत. तेही दिसत नाहीत. बोटांच्या सांध्यांचे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या, दर वेळी नव्याने निर्माण होणाऱ्या रेषा तेवढ्या दिसतात. सोबत वृद्ध कनिंगहॅम यांचा आवाज : १९३७ सालच्या आपल्या पहिल्या न्यूयॉर्कभेटीची रोजनिशी ते वाचत असतात.