तळटीप १७ : साधा व अवघड नियंत्रक

१७. सातपूर व अंबड येथील विद्युत-उपकरणांच्या कारखान्यांविषयी लिहिताना ग्रंथकारांनी ८०५१ या नियंत्रकास ‘साधा’ व कॉर्टेक्स-एम जातीच्या नियंत्रकास ‘अवघड’ म्हटले आहे. परंतु ही वर्गवारी प्रक्रियकास लागू पडण्यापेक्षा त्याच्या विन्यासास अधिक लागू पडते. इंटेलने १९८० साली काढलेल्या ८०५१ मध्ये आज्ञावलीसाठी ४ किलोबाइट आणि कामापुरती १२८ बाइट स्मृती असे; त्यास ११.०५९२ मेगाहर्ट्‌झचा स्फटिक जोडून, टायमरमध्ये २५३ हा आकडा भरला, की ९,६०० बॉडचा संदेशवेग बिनचूक मिळतो. उलट कॉर्टेक्स-एम जातीच्या एसटीएम३२एफ१०३ या ३२-बिटी नियंत्रकात एखादी पिन हलवावयाची, तर प्रथम त्या पोर्टाच्या क्लॉकची मंजुरी घ्यावी लागते (ती विसरली तर तक्रार न करता सारेच निमूट बंद राहते), मग चार बिटांत पिनेचा प्रकार व वेग नोंदवावा लागतो. आणि हे सारे कायदेकानू सांगणारी नियमावली हजारावर पृष्ठांची आहे. तथापि, एकदा हे दफ्तर मार्गी लागले, की अंतरंगाच्या दृष्टीने कॉर्टेक्सच सरळ ठरतो : त्याचा पत्त्यांचा प्रदेश एकसंध आहे, तर ८०५१ मध्ये आज्ञावली, अंतर्गत स्मृती व बाह्य स्मृती यांची खाती निराळी, आणि बहुतेक गणित एकट्या संचयकातून. विन्यासाची आज्ञावली आपोआप लिहून देणारी साधने आता उपलब्ध असली, तरी शिकाऊ अभियंत्याने निदान एक टायमर नियमावली पाहून स्वहस्ते जुळवावा, असे संपादकांस वाटते.