भैरवगढचा लाल रंग आणि क्षिप्रेचे पाणी

उज्जैनच्या उत्तरेला, क्षिप्रेच्या काठी भैरवगढ वसले आहे. मराठी वाचकाला ते ठाऊक असते काळभैरवाच्या देवळामुळे आणि देवाला पगडी वाहण्याच्या शिंदे घराण्याच्या प्रथेमुळे. कापडाच्या बाजारात मात्र भैरवगढ म्हणजे छिप्यांचे गाव: लाकडी ठशांनी छापलेल्या चादरी आणि मेणाने राखून रंगवलेले बाटिक. या छपाईची गोष्ट बहुधा एकाच चालीने सांगितली जाते. जुना कारागीर निसर्गाशी जुळवून राहत होता, मग रसायने आली आणि नदी नासली. ही मांडणी मला पटत नाही. रंगाऱ्याच्या घरात रसायन पहिल्यापासून होते. बदलली ती रंगाची किंमत, आणि त्या किमतीबरोबर नदीशी चाललेला व्यवहारही बदलला.

माळव्याच्या लाल रंगाचा एक चांगला साक्षीदार आपल्याला लाभला आहे. विल्यम हंटर हा स्कॉटिश डॉक्टर 1792 साली आग्र्याहून उज्जैनला आला, तेव्हा शहरावर महादजी शिंद्यांचा अंमल होता. ज्या झाडाच्या मुळांपासून माळव्यात लाल रंग काढत, त्या आलवर त्याने स्वतंत्र निबंध लिहिला आणि तो कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेत छापला गेला. आल म्हणजे आपल्याकडची बारतोंडी. ज्या नोनीचा रस आज बाटल्यांतून विकला जातो, तिच्याच कुळातली. काळ्या जमिनीत ही आल पेरत आणि सुमारे तीन वर्षांनी मुळे खणून काढत. रंग मुख्यतः मुळाच्या सालीत असल्यामुळे बारीक मुळांना जास्त भाव मिळे. शेतकऱ्याने तीन वर्षे जमीन अडकवायची, मग खणायचे, मुळे चिरून कुटायची. इतक्या कष्टांनंतर हाती येणारा रंग कोणी सहजासहजी ओतून देत नसे.

आणि तो नुसता पाण्यात कालवून कापडाला लागतही नव्हता. कापड आधी तेल आणि खाराच्या पाण्यात मुरवायचे, हिरड्याचा हात द्यायचा. मग ठशाने तुरटी लावली तर आलच्या कढईत तिथे लाल उमटे, लोखंडाचे पाणी लावले तर काळपट. धातूचा क्षार रंगाच्या कणाला धाग्याशी बांधून ठेवतो, हे आज कोणतेही रसायनशास्त्राचे पुस्तक सांगेल. छिप्याला ते हाताने माहीत होते. नदी या कामात दोनदा लागे. तुरटी लावलेल्या कापडातला सुटा क्षार वाहत्या पाण्यात धुवायचा आणि रंगानंतर पुन्हा धुवायचे. धार जिती असेल तरच छाप स्वच्छ निघे. धार जिल्ह्यातल्या बाघचे छपाईवाले आजही त्यांच्या नदीबद्दल हेच सांगतात.

1868 साली जर्मनीत ग्रेबे आणि लिबरमान यांनी अलिझारिन हे लाल रंगद्रव्य प्रयोगशाळेत तयार केले. आलच्या मुळातला रंगही रचनेने याच कुळातला. त्यामुळे छिप्याला आपली पद्धत फारशी मोडावी लागली नाही. तुरटी तीच राहिली, ठसे तेच राहिले, फक्त कढईत मुळांऐवजी डब्यातली पूड पडू लागली. बुडाला तो आल पिकवणारा शेतकरी. रंगवणाऱ्याचे शेताशी असलेले नाते इथेच तुटले, आणि माझ्या मते भैरवगढच्या इतिहासातला खरा सांधा हाच आहे.

मग पुन्हा आलकडेच वळावे, असे कोणी म्हणेल. अडचण अशी, की आज भैरवगढची ओळख बाटिकची आहे. मेण उष्णतेने वितळते, म्हणून बाटिकला थंड पाण्यात चढणारा रंग लागतो. नॅफ्थॉलचे रंग तसे आहेत: कापड एका द्रावणात बुडवायचे, मग दुसऱ्यात, आणि धाग्यातच क्षणात रंग तयार होतो. जावा बेटावर आलच्या भाऊबंदांपासून थंड पाण्यात लाल बाटिक होत असे, हे खरे आहे. पण तिथे तेलात मुरवलेले कापड पुन्हापुन्हा, दिवसचे दिवस बुडवावे लागे. त्या कष्टांचा मोबदला देणारे गिऱ्हाईक असल्याशिवाय नैसर्गिक रंगाचा आग्रह कारागिरावर धरणे अन्यायाचे होईल. शिवाय नैसर्गिक म्हणून सगळेच निर्दोष नसते. कढईखाली लाकूड जळतेच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. क्षिप्रा बिघडली ती मूठभर रंगाऱ्यांमुळे नव्हे. इंदूरचे सांडपाणी आणणारी खान नदी उज्जैनच्या वरच्या अंगाला, त्रिवेणीपाशी क्षिप्रेला मिळते. क्षिप्रा उत्तरेकडे वाहते, म्हणजे शहराने वापरून सोडलेले पाणीही भैरवगढच्याच वाट्याला येते. हा आक्षेप मान्य केला, तर माझा मुद्दा उलट पक्काच होतो. इथला रंगारी नदीचा अपराधी असण्याआधी तिचा आश्रित आहे. उन्हाळ्यात क्षिप्रेची धार इतकी क्षीण झाली, की 2014 पासून नर्मदेचे पाणी उचलून तिच्या उगमाजवळ सोडावे लागते. भैरवगढच्या थोडेसे पुढे कालियादेह आहे. माळव्याच्या सुलतानांनी तिथे नदीचेच पाणी कुंडांतून खेळवले. त्या रचनेमागे पुरेशी वाहती नदी गृहीत होती, जशी ती छपाईमागेही होती. पाणी भरपूर असताना थोडा रंग विरून जातो. धार आटली की तोच रंग साचतो.

उज्जैनच्या बाटिकला 2023 साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने नाव राखले जाते, पाणी नाही. खरे तर कारागिराच्या सवयीतच पुढची वाट दिसते. रंगवून झालेले कापड उकळत्या पाण्यात घातले, की मेण सुटून वर तरंगते. ते काढून घेऊन पुन्हा वापरतात, कारण मेण महाग आहे. रंगाचे उरलेले पाणी गटारात जाते, कारण रंग स्वस्त आहे. कापड उकळण्याची आणि धुण्याची जागा सर्वांसाठी एकत्र केली, तिथेच पाणी शुद्ध करून पुन्हा वापरायची सोय केली, तर त्या पाण्यालाही मेणासारखी किंमत येईल. हा खर्च एकेका घरावर टाकता येणार नाही. मानांकनाचा मान मिरवणाऱ्या शासनाने आणि तयार कापडावर नफा मिळवणाऱ्या व्यापाऱ्याने तो उचलायला हवा.